बिनदाराचं डकोटा

मंगळवारी सकाळी मी शाळेत होतो. तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, घरी बोलावलंय." मी घरी आलो. तू चुलीजवळ होतीस. शेजारच्या बायका बसल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते.

कौसल्या, त्या दिवसाविषयी मला यापुढं काही लिहायचं नाही. तो सगळ्यांनी पाहिला आणि सगळे त्याविषयीच बोलतात. मला त्याच्या आधीच्या दिवसांविषयी बोलायचं आहे, आणि ते तुझ्याशीच बोलायचं आहे. थोरली वहिनी म्हणाली, गेलेल्या माणसाला असं हाका मारत बसू नये, जीव घुटमळतो. घुटमळू दे. अठरा वर्षं ज्या बाईनं हे घर चालवलं तिला तेरा दिवसांत घर रिकामं करायला सांगायचं, हा कुठला न्याय?

विमानाच्या मॉडेलचा खोका घरात आला तो दिवस तुला आठवत असेल. तुझा धाकटा भाऊ दत्तू हवाई दलात फिटर झाला होता, कानपूरला डकोटा विमानांवर काम करत होता. कुणा साहेबाची बदली झाली, सामान आवरताना त्यानं हा खोका टाकून दिला आणि दत्तूनं तो उचलला. झाकणावर डकोटाचं रंगीत चित्र. आत परदेशी हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, कागद, आणि घडी उलगडली तर आपली बाहेरची खोली भरेल एवढा नकाशा. पुरं झालं की विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट. येडशी स्टेशनात छोट्या रेल्वेगाडीतून उतरेपर्यंत खोक्यावर कुणीतरी बसून घेतलं होतं. निम्मं लाकूड मोडलं होतं.

"दाजी, तुम्ही शिकलेले. तुम्हाला जमंल," दत्तू म्हणाला.

मी नकाशा तीन वेळा वाचला. मला सगळं समजलं. मग मी पातं घेऊन पहिली फळी कापायला बसलो आणि बोट कापून घेतलं. तू चिंधी बांधलीस, माझ्या हातातलं पातं काढून घेतलंस आणि म्हणालीस, "सरका तिकडं. कागद तुमी वाचा. कापायचं माज्याकडं."

आपल्यातली वाटणी तिथंच ठरली. पुढं चार वर्षं तीच चालली.

तेरखेड्याच्या दारूकामाच्या घरात तू वाढलेली. फटाक्यांचा कागद वळायचा कसा, खळ किती शिजवायची, खळीत मोरचूद घातलं की कीड लागत नाही, हे सगळं तुझ्या हातात होतं आणि माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मोडलेल्या परदेशी लाकडाचं काय करायचं म्हणून मी मुंबईला पत्र लिहायला बसलो होतो. तू तेवढ्यात बांधावरच्या केकताडाचा वाळलेला दांडा घेऊन आलीस. लोक त्या झाडाच्या पानांचा दोर करतात. दांड्याकडं कुणी बघत नाही. तू तो उभा चिरून त्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास. वजन लागलंच नाही.

"हे घ्या तुमचं इलायती लाकूड," तू म्हणालीस.

मी नकाशावरच्या इंग्रजी सूचना वहीत मराठीत उतरवून देत होतो. माझं शिक्षण उर्दूत झालेलं. विलीनीकरण होऊन शाळा मराठी झाल्या तरी माझ्या लेखणीला जुनी सवय होती. पंखाच्या आतल्या आडव्या तुकड्यांना मी 'पसली' लिहिलं. तू ते अक्षर लावून वाचलंस आणि म्हणालीस, "बरगडी म्हना की सरळ. निजाम गेला न्हवं?" दुसऱ्या दिवशी वहीत सगळीकडं 'पसली' खोडून मी 'बरगडी' लिहिलं. तुला वाटलं मी रागावलो. मी रागावलो नव्हतो. घरात मला कुणी इतक्या सरळपणे दुरुस्त केलं नव्हतं.

आणि ती चूक! नकाशावर एकच पंख काढलेला होता, डावा. तू त्यावर बरगड्या मांडल्यास, बांबूच्या कामट्या जोडल्यास, पंख झाला. मग त्याच नकाशावर दुसरा केलास. तोही झाला. दोन महिने गेले होते. रविवारी दोन्ही पंख विमानाच्या अंगाला लावून बघायला आपण जमिनीवर बसलो. डावा बसला. दुसरा उजवीकडं धरला तर त्याची पुढची कड मागं जात होती. उलटा केला तर फुगवटा खाली. तू इकडून लावलास, तिकडून लावलास, मग मांडीवर ठेवलास.

"मास्तर," तू म्हणालीस, "ह्याला दोन्ही डावेच हात झाले की वो."

मी नकाशावर वाकलो. अगदी खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की उजवा पंख याच आकृतीच्या उलट बाजूनं करावा. इंग्रजी वाचणारा मी. वही लिहिणारा मी. ती ओळ माझ्याकडून सुटली होती. माझा चेहरा बघून तुला इतकं हसू आलं की तू पदर तोंडात कोंबलास. "दुसरं इमान आनू," तू म्हणालीस, "त्याचे दोन्ही उजवे करू. मंग बदलून घिऊ." दोन महिने वाया गेलेलं माणूस असं हसू शकतं हे मला माहीत नव्हतं.

उलट आकृती काढायची कशी, यावर मी आरसा, ट्रेसिंगचा कागद असलं काही सुचवत होतो. तू वाटीत करडईचं तेल घेतलंस आणि बोळ्यानं ते नकाशाला चोपडलंस. मी ओरडलोच. कागद तेलानं ओला होऊन आरपार दिसायला लागला. तू तो पालथा घातलास. डावा पंख उजवा झाला होता. तेलाचा तो डाग अजून नकाशावर आहे. गेल्या आठवड्यात वहिनी तो कागद चुलीत घालायला निघाली होती. मी तिच्या हातातून घेतला. मोठ्या वहिनीच्या हातातून काही हिसकून घेण्याची माझी ही पहिली वेळ.

पंखांवर कागद चढवायचं काम मी जन्मभर विसरणार नाही. खळ लावून कागद ठेवला की तो सैल, सुरकुतलेला. तू तोंडात पाणी धरायचीस, गाल फुगवायचीस आणि फुर्र करून असा फवारा सोडायचीस की पाण्याचा थेंब कुठं दिसू नये. वाळला की कागद ताशासारखा ताणलेला. मग पातळ सरसाचा हात. पहिल्यांदा सरस जाड झाला आणि पंख पिळवटला. तेव्हा तू पुन्हा ओला करून त्यावर माझा शब्दकोश, इतिहासाचे दोन खंड आणि व्याकरण रचून ठेवलंस. चार दिवस मला एक शब्द बघता आला नाही. "एवढी पुस्तकं घरात हायत, एकदा तरी कामाला आली," तू शेजारणीला सांगितलंस, मला ऐकू येईल असं.

शेजारणी काय म्हणायच्या तेही मला ऐकू यायचं. पोर न्हाय, बाळ न्हाय, मास्तरीण इमान करत बसलीय. एकदा नळावर कुणीतरी तोंडावरच म्हणाली, तेव्हा तू घागर खाली ठेवून विचारलंस, "तुमची पोरं उडत्यात का?" घरी येऊन हे मला सांगताना तू हसत होतीस. मग बराच वेळ खळ ढवळत राहिलीस. ती केव्हाच शिजली होती. त्या वेळी मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं. मी पुस्तक पुढं धरून बसलो.

आता प्रदर्शनाचं. हे लिहायचं मी तीन दिवस टाळत होतो.

जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन आपल्या शाळेत भरणार होतं. हेडमास्तर घरी आले, विमान बघितलं आणि म्हणाले, हे घरात कशाला ठेवता? तुला आनंद झाला होता. तू तुझ्या चांगल्या लुगड्यात ते गुंडाळून दिलंस. हातगाडीच्या बरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच लुगडं नेसून बघायला आलीस. मी विमानाजवळ उभा होतो. तिथं पाटी होती. तू चौथी शिकलेली, ओठ हलवत एकेक अक्षर लावलंस. मॉडेल करणारे, इयत्ता नववीचे विद्यार्थी. मार्गदर्शक, आणि पुढं माझं नाव.

नेमका तेव्हाच एक अधिकारी मला विचारत होता की कागद इतका ताणून कसा बसवला. आणि मी सांगत होतो. तोंडात पाणी धरून फवारा मारायचा, म्हणालो. तुझ्यासमोर, जणू ते तोंड माझं होतं.

तू म्हणालीस, "नाव झ्याक काढलंय तुमचं." मग म्हणालीस, "जाते, भाकरी टाकायच्यात."

प्रदर्शन तीन दिवस होतं. तीन दिवस मी त्या पाटीजवळून गेलो. हेडमास्तरांचा मान, शाळेची शोभा, नोकरी, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण तुला तेव्हाच कळलं असणार. ते नाव तिथं बघून मला बरं वाटत होतं.

त्यासाठी मी तुझी माफी मागितली नाही. आताही मागत नाही. आता मागणं फार सोपं आहे, कारण तुला नाही म्हणता येणार नाही.

विमान घरी आलं. त्यानंतरच्या रविवारी तू पातं घेऊन त्याच्या डाव्या कुशीशी बसलीस.

"काय करतेस?"

"दार काढते."

"अगं, नकाशात दार आहे. बंद आहे."

"नकाशात तुमचं नाव न्हवतं," तू मान वर न करता म्हणालीस. "तरी लागलं न्हवं?"

चार बोटं रुंद चौकट तू सरळ कापून बाजूला ठेवलीस. दत्तूचं पत्र आलं होतं, मीच तुला वाचून दाखवलं होतं. तेव्हा तो चीनच्या सरहद्दीकडं होता. त्यानं लिहिलं होतं की आमच्या डकोटांचं दार काढूनच टाकतात, दाराशी पोती रचतात, घंटी वाजली की माणूस चौकट धरून पायानं पोती खाली ढकलतो, खाली डोंगरात आपली पलटण वाट बघत असते. ते पत्र तू मला चार वेळा वाचायला लावलंस. मला वाटलं भावाच्या काळजीनं. तू मापं घेत होतीस.

त्या दारावरून आपण दोन वर्षं भांडलो. मी म्हणायचो, नकाशाप्रमाणं केलं तर ते मॉडेल, मनानं बदललं तर ते खेळणं. तू म्हणायचीस, "नकाशा कुनाच्या तरी इमानाचा हाय. हे माज्या भावाचं इमान हाय." मी म्हणायचो, तोल गेला. तू पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललंस, तुझे वडील फटाक्याच्या बाणाची काडी बोटावर तोलून बघायचे तसं. नाक किंचित खाली गेलं. तू शेपटीत शिशाचा एक तुकडा घातलास आणि पुन्हा उचललंस. विमान तुझ्या बोटांवर हललं नाही. माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही. तरी मी बोलत राहिलो. मी मास्तर होतो.

मग तू जुन्या गोणपाटाची बोटाच्या पेराएवढी पोती शिवलीस, त्यांत राळ्याचे दाणे भरलेस, आत रचलीस. दाराशी एक माणूस उभा केलास, केकताडाचा. एक हात चौकटीला, एक पाय उचललेला. सगळं अंग नीट, फक्त चेहरा कोरा.

"तोंड नाही काढलंस?" मी विचारलं.

"दत्तूचं तोंड येतं मला," तू म्हणालीस. "पन काढलं आन् तिकडं त्याला काय झालं तर?"

दत्तू परत आला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं त्या चौकटीत दोन बोटं घातली, त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला हात लावला आणि "आक्का" एवढंच म्हणाला. त्या दिवसानंतर मी दाराविषयी बोलायचं बंद केलं. पण तू बरोबर होतीस, हे काही मी म्हणालो नाही. हे शब्द माझ्याकडून राहिले ते राहिलेच. तू बरोबर होतीस, कौसल्या. नकाशा चुकीचा नव्हता, पण तो आपल्या घरचा नव्हता.

तेराव्यानंतर हेडमास्तर भेटायला आले. तेर गावाहून माझे थोरले दादा आलेले होते, खाटेवर बसले होते. हेडमास्तरांनी तुझ्याविषयी चांगलं बोलून घेतलं. मग विमानाकडं बघून म्हणाले, "बाईंच्या आठवणीसाठीच म्हणतो. नव्या हॉलमध्ये हे टांगू. फक्त ते दार आणि उजव्या इंजिनाचा राहिलेला पंखा तेवढा बसवून घ्या. पाहुण्यांना वाटेल, मोडलंय."

"आणि पाटी?" मी विचारलं.

"पाटी आहेच की आपल्याकडं. जुनीच चालेल."

"जुनी चालणार नाही. नव्या पाटीवर कौसल्याचं नाव घाला. आणि दार बसणार नाही."

ते हसले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं. मी कधी गंमत करत नाही हे विसरले असतील. म्हणाले, "मास्तर, शाळेत विद्यार्थ्यांचं काम लावतात. बाई शाळेच्या कोण? उद्या कुणी विचारलं की प्रदर्शनात मग काय लावलं होतं, तर काय सांगायचं?"

"खोटं लावलं होतं, असं सांगा. मीही त्यात होतो, असंही सांगा."

"बदल्यांची यादी निघतेय," ते उठता उठता म्हणाले. "तुमच्या या परिस्थितीत तुम्हाला लांब जाणं कठीण पडेल, म्हणून काळजी वाटते."

"लांब पाठवलंत तर मोठ्या खोलीचं घर बघायला सांगा," मी म्हणालो. "पंख सहा फुटी आहेत."

ते गेल्यावर दादा माझ्यावर तापले. "बापू, सायबाशी असं बोलत्यात व्हय? दिऊन टाक की. बायामाणसाचं खेळणं त्ये, त्येच्यापायी नोकरी घालवतुस?"

मी विचारलं, "दादा, मळ्यातली विहीर कुणी खणली?"

"म्या खनली. तुला म्हाईत न्हाय?"

"उद्या तलाठ्यानं तिच्यावर आपलं नाव घातलं तर?"

"तंगडं तोडीन," दादा म्हणाले. थोड्या वेळानं उठले, विमानाजवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवून दारातून आत बघितलं. "ही पोती कशाची रं?"

"राळ्याची."

"शिवन लई बारीक घातलीया," ते म्हणाले. पुढं त्यांनी देऊन टाक असं म्हटलं नाही. वहिनीनं जेवताना पुन्हा विषय काढला तेव्हा दादाच म्हणाले, "राहू दे त्येच्याकडं. त्येच्या बायकूनं केलंय."

सोमवारी मी नववीच्या वर्गात गेलो. त्या वर्षीची नववी आता शाळेत नाही. तरीही मी फळ्यावर तुझं पूर्ण नाव लिहिलं, खाली तेरखेडा लिहिलं, आणि त्या प्रदर्शनातलं विमान कुणी केलं ते सांगितलं. केकताड सांगितलं, खळ सांगितली, करडईचं तेल सांगितलं. दोन डाव्या पंखांची गोष्ट सांगितली आणि ती चूक कुणाची तेही. वर्ग हसला. मग पाटीचं सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. तास संपेपर्यंत नाव फळ्यावर राहू दिलं. पुढच्या तासाच्या मास्तरांनी पुसलं असेल. त्याला माझा इलाज नाही.

हे तुला आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित म्हणाली असतीस, "आता कशाला? तवा कुठं गेलं हुतं तोंड?" तुझं हे बोलणं मला ऐकू येतं आणि त्याला उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून गप्प बसायचं, हे मी आयुष्यभर केलं. आता उत्तर नसतानाही बोलणार आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. शाळेत सांगणार आहे. जिथं बदली होईल त्या गावात सांगणार आहे. मला हळू आवाजाचा माणूस म्हणतात. हळू आवाजात पुष्कळ वेळा सांगता येतं.

तुझ्यामुळं मला हाताचं काम दिसायला लागलं. त्याआधी मी नुसतं वाचत होतो. याचे आभार मी कुठल्या तोंडानं मानू ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

विमान बाहेरच्या खोलीत आहे. मी खाट स्वयंपाकघरात हलवली आहे. उजव्या इंजिनाला पंखा नाही. तो तू करायचा ठेवला होतास. मला तो करता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी करू देणार नाही.